खाट नंबर अकराचा मध

माझा डावा पाय बघायला अजूनही माणसं येतात. रविवारी सकाळी धरमपेठेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या दारात कुणीतरी ओळखीचं उभं राहतं, आणि त्याच्या मागे पायाला फडकं गुंडाळलेला एखादा गृहस्थ किंवा बाई. मी त्यांना खुर्ची देतो, स्वतः पलंगावर बसतो, पाय स्टुलावर ठेवतो आणि पायजम्याची नाडी सोडून नव्हे, तर घोळ दोन बोटांत धरून हळूहळू वर घेतो. पडदा वर जावा तसा. घोट्याच्या आतल्या बाजूला, चार बोटं वर, एक गुळगुळीत काळसर डाग आहे. तिथं साडेचार वर्षं उघडी जखम होती.

"हात लावून पाहा," मी म्हणतो. लावतात. मग प्रश्न येतो, दर वेळी तोच.

"कंडक्टरसाहेब, कशानं बरी झाली जी?"

मी वीस वर्षं शहर बसमध्ये कंडक्टर होतो. सदर ते गांधीबाग या प्रवासात मी उतारूंना हसवलं आहे, भांडायला लावलं आहे, दोन लग्नंही जुळवली आहेत. बोलायला मी कधी कमी पडलो नाही. या एका प्रश्नापाशी मात्र माझी गाडी थांबते. का थांबते ते एकदाच नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या रविवारी कागदच हातात देता येईल.

पेटी

सुरुवात अगदीच हलक्या दर्जाची होती. सासरी निघालेल्या एका मुलीची पत्र्याची पेटी बसमध्ये चढवताना तिचा कोपरा माझ्या पायाला लागला. रक्त आलं, मी थुंकी लावली आणि घंटी वाजवली. बस.

त्याआधीच माझ्या पोटऱ्यांवरच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या. दिवसभर उभ्यानं काम, पाय संध्याकाळी जड व्हायचे, मी ते वयाच्या खात्यात टाकून मोकळा होत असे. त्या ओरखड्याची हरभऱ्याएवढी जखम झाली, मग सुपारीएवढी, मग पुरीएवढी. भरायची, पुन्हा फुटायची. कडुनिंबाचा पाला झाला, हळद-तूप झालं, इतवारीतल्या एका वैद्यांचं काळं मलम झालं. मलमानं पायजमे तेवढे काळे झाले.

दुखणं सोसवत होतं. वास सोसवत नव्हता. दुसऱ्या वर्षी बसच्या दाराजवळची जागा आपोआप रिकामी राहू लागली. गर्दीतसुद्धा माझ्याभोवती हातभर मोकळी जागा असे, एखाद्या मंत्र्याभोवती असते तशी. मी त्यावर विनोद करत असे. घरी येऊन मात्र विनोद संपलेले असत.

पुष्पाला, म्हणजे माझ्या मुलीला, बघायला पाहुणे आले त्या दिवशी मी पायावर अर्धी कुपी अत्तर ओतलं. मुलाच्या मामानं चहाचा कप हातात धरून तीनदा नाक ओढलं आणि तो म्हणाला, "भाऊ, इथं कोणाचा उरूस भरला काय?" सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. पाहुण्यांकडून पुढे निरोप आला नाही. माझी बायको कुसुम त्या संध्याकाळी भांडी घासत होती, तिनं मान वर न करता विचारलं, "तुमी दवाखान्यात काहून नाई जात?"

मी काहीतरी गमतीचं उत्तर दिलं. खरं उत्तर असं होतं की मला महारोगाची भीती होती. दवाखान्यात गेलो की तो शब्द कुणीतरी उच्चारणार, आणि मग माझी नोकरी, पुष्पाचं लग्न, शेजाऱ्यांचं येणंजाणं, सगळं एका शब्दात संपणार. न जाणं म्हणजे तो शब्द पुढे ढकलणं. साडेचार वर्षं मी तो ढकलला.

टाचणी

शेवटी कुसुमनं माझ्याशी बोलणं बंद केलं. तीन दिवस. नवरा बडबड्या असला की हे हत्यार फार धारदार ठरतं. चौथ्या दिवशी मी सरकारी दवाखान्यात गेलो.

शल्यविभागातल्या डॉक्टरबाई उंच होत्या, केसांत एक पांढरी बट, आवाज शाळामास्तरणीचा. मूळच्या सोलापूरकडच्या. त्यांनी पट्टी सोडली, नाकाला रुमाल लावला नाही, हे मी लगेच टिपलं. मग कोटाच्या कॉलरमधली टाचणी काढली.

"डोळे मिटा. टोचलं की सांगा."

मी डोळे मिटले. काहीच जाणवेना. माझ्या कपाळावर घाम आला. म्हटलं, संपलं, पाय बधिर आहे, आता तो शब्द येणार.

"बाई, काहीच लागत नाही हो," मी म्हणालो.

"अजून टोचलंच नाहीये," बाई म्हणाल्या आणि टोचली.

मी अशी आरोळी ठोकली की बाहेरच्या बाकावरून कुसुम धावत आत आली.

"छान," बाई म्हणाल्या. त्यांनी जखमेभोवती आणखी सहा ठिकाणी टोचलं. सहाही वेळा मी ओरडलो, आणि दर वेळी जास्त आनंदानं. शेवटच्या दोन वेळा तर थोडा अभिनयही केला. "महारोग नाही. शिरांचा आजार आहे. रक्त पायातून वर चढत नाही, तिथंच साचतं, म्हणून जखम भरत नाही. इतकी वर्षं कुठं होतात?"

कुसुमनं माझ्याकडे पाहिलं. तिला तेव्हा कळलं मी कशाला घाबरत होतो. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर ती एवढंच म्हणाली, "मले सांगाचं तं होतं."

वाचणाऱ्यांपैकी कुणी हीच भीती बाळगून घरी बसला असेल, तर त्यानं आधी जाऊन टाचणी टोचून घ्यावी. उत्तर काहीही येवो, त्याला औषध असतं. भीतीवर मला साडेचार वर्षांत औषध सापडलं नाही.

बिस्किटांचा डबा

मला भरती करून घेतलं. खाट नंबर अकरा. खाटेच्या पायथ्याखाली दोन-दोन विटा, म्हणजे पाय वर आणि डोकं खाली. दिवसभर तसंच पडायचं. वॉर्डातले आम्ही बारा जण, सगळ्यांचे पाय छताकडे, जणू वरच्या मजल्यावर कुणाला लाथ मारायची आहे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई सगळ्यांच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"या जखमांवर दोन औषधं आहेत. एक नेहमीचं, जखम धुण्याचं औषधी पाणी. दुसरा मध, गाळून, तपासून घेतलेला. निम्म्यांना हे, निम्म्यांना ते. बाकी विटा, पट्टी, जेवण सगळ्यांना सारखं. कुणाला काय मिळेल ते चिठ्ठी ठरवेल. ज्याला नको असेल त्यानं नाही म्हणावं, त्याचे उपचार तरीही होतील."

"पन त्यातलं चांगलं कोंतं हाये जी?" शेजारच्या बारा नंबरवरून प्रश्न आला.

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून तर करून बघायचं."

देवळातल्या पुजाऱ्यानं देव आत आहे की नाही ठाऊक नाही म्हणावं, तसं आम्हाला वाटलं. मी तर मनात म्हटलं, ही बाई शिकलेली कमी दिसते.

बिस्किटांच्या डब्यात बंद पाकिटं होती. माझ्यात निघालं, मध. बारा नंबरच्या सुखदेवच्या पाकिटात, नेहमीचं पाणी. त्यानं चिठ्ठी दोनदा वाचली, उशीखाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

सुखदेव कापड गिरणीत साच्यावर उभा राहून काम करणारा माणूस. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, बोलणं मोजकं. त्याची जखम माझ्यापेक्षा वाईट होती, तळाशी हाड दिसत होतं. बाईंनी त्याला आणि त्याच्या बायकोला, शांताबाईला, माझ्या देखत सांगितलं होतं की दोन महिन्यांत जखम भरायला लागली नाही आणि हाडात पू गेला, तर पाय गुडघ्याखाली काढावा लागेल. साच्यापुढे एका पायावर उभं राहता येत नाही. हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

भाकरी

दवाखान्याचा दिवस घड्याळासारखा असतो. सकाळी सिस्टर ड्रेसिंगची गाडी ढकलत येत. त्या छिंदवाड्याच्या, आमच्याशी हिंदीत बोलायच्या. "क्या कंडक्टर, टिकट लिया?" म्हणायच्या आणि पट्टी सोडायच्या. मध जखमेवर पडला की आधी झोंबायचा, मग गार वाटायचा. मध मिळणाऱ्या प्रत्येकाची नंबर लिहिलेली तपकिरी बाटली त्याच्या कपाटावर असे, आणि त्याच्या खाटेचे चारही पाय पाण्याच्या डब्यांत, मुंग्या चढू नयेत म्हणून. आम्ही सहा जण जलदुर्गात राहत होतो.

सोमवारी बाई स्वतः यायच्या. जुने एक्स-रे धुऊन पारदर्शक केलेल्या फिल्म त्यांच्याकडे होत्या. जखमेवर फिल्म धरायची, शाईनं कडेकडेनं रेघ काढायची, नंबर आणि वार लिहायचा. मग सगळ्या फिल्म खिडकीपाशी एकावर एक धरून बघायच्या. माझ्या जखमेचा नकाशा दर सोमवारी लहान होत होता, एखाद्या संस्थानाचा मुलूख जावा तसा. मला फार मौज वाटे. पाय माझा, पण तमाशा बघायला मी तिकीट काढून बसल्यासारखा.

पहिल्याच आठवड्यात एके दिवशी कुसुमला यायला जमलं नाही. दवाखान्याची खिचडी मी बाजूला सारली होती. शांताबाईनं डबा उघडला. ज्वारीची भाकरी, झुणका, हिरव्या मिरचीचा ठेचा. सुखदेवनं भाकरी मोडली, अर्धी माझ्यापुढे धरली आणि हात तसाच ठेवून माझ्याकडे पाहत राहिला. त्याच्या खाटेच्या डोक्याशी बाबासाहेबांचा छोटा फोटो लावलेला होता. तो कशाची वाट पाहतो आहे हे मला कळलं. माझ्या आईच्या स्वयंपाकघरात मी काय पाहत वाढलो हेही मला आठवलं. मी भाकरी घेतली आणि ठेचा जास्त मागितला.

"तिखट हाये, भाऊ," तो म्हणाला. तोवर मी 'कंडक्टरसाहेब' होतो.

त्या दिवसापासून दोन्ही डबे एकत्र उघडू लागले. वॉर्डात हीच रीत होती. आपला डबा उघडायचा तर शेजाऱ्याच्या ताटलीत आधी वाढायचं. कुणी शिकवत नाही, दोन दिवसांत आपोआप येते.

बाटली

तिसऱ्या सोमवारी बाईंनी सुखदेवची फिल्म खिडकीपाशी धरली. रेघ मागच्या सोमवारच्या रेघेवरच बसली होती. मी बाजूच्या खाटेवर, माझं संस्थान निम्मं खालसा झालेलं. संध्याकाळी शांताबाई स्टुलावर बसून होती. डबा उघडला नव्हता.

"जेवत काहून नाई गा तू?" मी सुखदेवला विचारलं.

"पोट भरलं जी."

त्या क्षणी माझी नजर माझ्या बाटलीवर गेली. भाकरी अर्धी घ्यायची आणि मध एकट्यानं लावायचा, हे मला काही केल्या जमेना. मी बाटली उचलून शांताबाईच्या हातात दिली. "पडदा ओढा वहिनी, आणि पट्टी सोडा."

ती घाबरली. "बाईनं पाह्यलं तं?"

"पाहिलं तर मी आहे."

तेव्हापासून रोज भेटीच्या वेळेत पडद्याआड मध पोचू लागला. सकाळी सिस्टर येण्याआधी सुखदेव स्वतः पट्टी सैल करून उकळलेल्या पाण्यानं पाय पुसून ठेवायचा. सिस्टर ओरडल्या की म्हणायचा, "लय खाजवून राह्यलं होतं."

माझी बाटली दुप्पट वेगानं संपू लागली. बाईंनी ती उजेडात धरली, मग मला धरलं.

"तुम्ही मध खाता का?"

आयुष्यात रंगवायला असा प्रवेश पुन्हा मिळणार नव्हता. मी मान खाली घातली, ओठ पुसले. "पोळीसोबत, बाई. जीभ ऐकत नाही."

वॉर्ड खदखदून हसला. बाईंनी माझी लघवी साखरेसाठी तपासायला पाठवली आणि वॉर्डातल्या सगळ्यांसमोर मला शाळकरी पोरासारखं झापलं. पडद्याआडून सुखदेवच्या खोकल्याचा आवाज आला. तो हसत होता. त्याला हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

मुंग्या

सुखदेवची जखम भरू लागली. तळाशी लाल दाणे आले, हाड झाकलं गेलं. सहाव्या सोमवारी बाईंनी बाराही जणांच्या सगळ्या फिल्म खिडकीच्या काचेवर चिकटवल्या आणि बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मग आमच्याकडे वळल्या.

"तुम्हाला सांगायला हवं. दोन्हींत काही फरक दिसत नाही. नेहमीच्या पाण्यावरचे लोकही तितकेच भरत आहेत. मी तसं लिहून पाठवते. पुढच्या आठवड्यापासून मध बंद."

त्या गेल्या. पाणी मधाइतकं चांगलं आहे असं त्या लिहिणार होत्या, आणि ते पाणी मुळात पाणीच नव्हतं. सांगावं, तर सुखदेवला यादीतून काढतील, खाट जाईल, आणि त्याची जखम अजून अर्धी उघडी होती. दोन महिने संपायला पंधरा दिवस होते. मी, ज्याला गप्प बसणं माहीत नाही, तो दिवसभर गप्प बसलो. कुसुम आली तर तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुखदेवच म्हणाला, "भाऊ, सांगून दे."

"तुले काढून देतील ना बापा." माझ्या तोंडून त्याचीच बोली आली.

"काढू दे. माह्या पायावर मध पडला. उद्या कोणी दुसरा येईन हाड उघडं घिऊन, त्याले बाई मध देनार नाई. माह्या पायाच्यानं. तू नाई सांगत तं मी सांगतो. पन तुले बोलता चांगलं येते."

बाई राउंडला आल्या. मी खाटेवर उठून बसलो. घंटी वाजवायची सवय असलेला माझा हात उगाचच वर गेला.

"बाई, मी मध खात नव्हतो."

मी सगळं सांगितलं. एकही विनोद न करता. माझ्या माहितीत असं पहिल्यांदाच घडलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे फक्त बारा नंबरला?"

तेव्हा खाट नंबर तीनवरच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं घसा साफ केला. "मी बी चार नंबरले देत होतो, बाई. थोडाच." मग सातवाल्यानं हात वर केला. मग नऊ. मग पहिल्या खाटेवाल्यानं, जो मास्तर होता आणि ज्याच्या प्रामाणिकपणाची आम्ही टिंगल करत असू. एकेक करून सहाही जलदुर्ग पडले. वॉर्डात एकही माणूस आपला मध एकट्यानं लावत नव्हता. आणि प्रत्येकाला वाटत होतं की चोर आपण एकटेच.

सिस्टर खाली वाकल्या. सुखदेवच्या खाटेच्या पायावरून मुंग्यांची रांग वर चढत होती. "मॅडम, हफ्तेभर से देख रही हूँ," त्या म्हणाल्या. "मैं बोली, पानीवाले बेड पे चींटी काय को आती."

बाई स्टुलावर बसल्या. काचेवरच्या फिल्म एकेक करून काढल्या, नीट रचल्या.

"या सगळ्या आता वाया," त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "मध चांगला असेल. नसेलही. विटांनी आणि पट्टीनंच भरत असाल. बारा नंबरची जखम तुमच्या मधाशिवायही भरली असती का, तेही आता मला सांगता येणार नाही. तुम्ही वाईट काही केलं नाहीत. फक्त मला दिसेनासं केलंत."

सुखदेवनं विचारलं, "मले काढता का, बाई?"

"यादीतून काढते," बाई उठत म्हणाल्या. "सगळ्यांना. खाटेवरून पाय भरल्याशिवाय कुणी हलणार नाही. आणि मध आता सरळ मागून घ्या, पडदे ओढू नका."

कोरी फिल्म

मी दहाव्या आठवड्यात घरी गेलो, सुखदेव तेराव्यात, दोन पायांवर. तो गिरणीत परत लागला, साच्यावर नाही, बसून करायच्या कामावर. पुष्पाचं लग्न पुढच्या वर्षी झालं. सुखदेव आणि शांताबाई आमच्या पंगतीत होते, माझ्या आईनं काय म्हटलं असतं हे मी कुसुमला विचारलं, तर ती म्हणाली, "तुमी वाढा जी गुपचाप."

बाईंनी सगळं पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं म्हणे, या वेळी मधवाले एका वॉर्डात आणि पाणीवाले दुसऱ्या इमारतीत. मग त्यांची बदली झाली. त्यांना काय सापडलं ते मला कधी कळलं नाही.

येणाऱ्यांना मी जे खात्रीनं सांगू शकतो ते सांगतो. दवाखान्यात जा. पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडा, घरच्यांनी आळशी म्हटलं तरी. पट्टी डॉक्टर शिकवतील तशीच घट्ट बांधा. मी आजही बांधतो. मग ते पुन्हा विचारतात, ते सगळं ठीक, पण कशानं बरी झाली?

तेव्हा मी कपाटातून एक फिल्म काढतो. घरी जायच्या दिवशी बाईंनी ती माझ्या घोट्यावर धरली होती, सवयीनं पेन उचललं होतं, आणि रेघ काढायला काहीच नव्हतं म्हणून फक्त कोपऱ्यात 'अकरा' आणि 'सोमवार' लिहून मला देऊन टाकली होती. मी ती खिडकीपाशी धरतो. पलीकडचा रस्ता स्वच्छ दिसतो, सायकली, पोरं, भाजीची गाडी.

"मला माहीत नाही," मी म्हणतो. "कळलं असतं. आम्हीच कळू दिलं नाही."

बहुतेकांना हे उत्तर आवडत नाही. ते कुसुमकडे बघतात. कुसुम जेवायची वेळ असेल तर त्यांना ताट वाढते, आणि मी पायजम्याचा घोळ खाली सोडतो.